नाकाडीच्या शेपटीतलं शिसं

माणसाला निवृत्तीनंतर एखादा छंद हवा, असं सगळे सांगतात. तो छंद जेवणाच्या टेबलावर करू नये, हे मात्र कुणी सांगत नाही. सूतभरच्या बायकोची तक्रार एवढीच होती. गेले चौदा महिने त्या घरातली दोन माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती आणि सहा जणांच्या टेबलावर एक विमान ऐसपैस पसरलं होतं. विमानही धड एकसंध नाही. कधी नुसते पंख, कधी नुसतं पोट, आणि एकदा तर साखरेत खोचून वाळत ठेवलेली चाकं. ती चाकं चहात पडता पडता वाचली. त्यानंतर बायकोनं फतवा काढला, की साखरेच्या डब्यात फक्त साखर राहील.

सूतभर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. हा माणूस विमानाची इंजिनं बसवणारा फिटर. नोकरीत असताना एका नव्या जोडाऱ्यानं त्याला सहज विचारलं होतं, की सूतभर इकडंतिकडं झालं तर काय बिघडतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुताराचं ढोबळ माप. त्यावर ह्यानं त्या बिचाऱ्याला उभ्याउभ्या पाऊण तास असं काही सुनावलं, की जोडारी पुढं सुधारला की नाही ते माहीत नाही, पण फिटरला नाव मात्र कायमचं चिकटलं. आता अडुसष्टाव्या वर्षी बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना 'आमचे सूतभर' म्हणायची.

टेबलावरच्या विमानाचंही असंच एक नाव होतं: नाकाडी. नवं इंजिन तयार झालं, की जमिनीवर ते कितीही चालवून बघा, आकाशात गेल्यावर ते कसं वागेल ह्याचा भरवसा नसतो. म्हणून चार इंजिनांचं एखादं जुनं मालवाहू विमान घेतात, पंखांवरची विश्वासाची चार इंजिनं तशीच ठेवतात आणि हे नवखं पाचवं त्याच्या नाकावर बसवतात. पोहायला शिकणाऱ्याला चार पट्टीच्या पोहणाऱ्यांमध्ये सोडावं, तसा प्रकार. पाचवं हवेत रुसून बसलं तरी बाकीचे चौघे घरी घेऊन येतात. सूतभरच्या कारखान्यात असं एकच विमान होतं. पोटात आसनांऐवजी मापनयंत्रांची कपाटं, आणि तोंडावर हे भलंमोठं धूड. इतकं कुरूप विमान आभाळानं क्वचितच पाहिलं असेल. पण त्यावर काम केलेल्या माणसांना विचाराल तर ती म्हणतील, तशी देखणी पुन्हा झाली नाही. अकरा वर्षं उडून ती मोडीत गेली. मागं राहिले एकोणीस फोटो.

तिची प्रतिकृती करायचं निघालं ते कारखान्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या ग्रंथपाल बाईंमुळे. संस्थेत जुन्या कामांचं एक दालन उघडायचं होतं, आणि नाकाडीचा एक स्क्रूसुद्धा कुणाकडे नव्हता. ग्रंथपाल बाई फोटो घेऊन घरी आल्या आणि काका-काका करत सूतभरला अशा काही गुंडाळून गेल्या, की चहाचा कप रिकामा व्हायच्या आत ह्यानं होकार दिलेला होता. प्रमाण ठरलं बहात्तरास एक. त्या मापानं आपण सव्वादोन सेंटिमीटरच्या होऊ, असा हिशेब बायकोनं केला आणि तेवढीच जागा आपल्याला ह्या घरात उरली आहे, असंही सांगून टाकलं.

पण बोलायचं एक आणि करायचं दुसरं, ही तिची जुनी खोड. ती पस्तीस वर्षं दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या करत होती, आणि मेण, प्लॅस्टर, साचा ह्या बाबतीत सूतभर तिच्यापुढं बिगरीतला विद्यार्थी. त्यानं दुकानातून मालवाहू विमानाचा तयार संच आणला, पहिल्याच दिवशी बारीक करवतीनं त्याचं नाक कापलं, आणि मग तीन आठवडे त्या भोकाकडे बघत बसला. शेवटी तिनंच मेणाचं नाक घडवलं, प्लॅस्टरचा साचा काढला आणि कवळीच्या मसाल्यात ओतून दिलं. रंग लागेपर्यंत नाकाडीचं नाक हिरड्यांसारखं गुलाबी होतं. इंजिनांची वीस पातीही तिनंच ओतली. पुढच्या दातांपेक्षा सोपी आहेत, कारण ही हसत नाहीत, असं ती म्हणाली.

रिव्हेटच्या ओळी मात्र सूतभरच्या. जुन्या गजराच्या घड्याळातलं दातेरी चाक त्यानं एका काडीला बसवलं होतं आणि ते फिरवत फिरवत तो पत्र्याच्या जोडांवर ठिपके उमटवायचा. डाव्या पंखाखाली फोटोत एक ओळ पुसट दिसत होती. तिथं पंधरा ठिपके की सोळा, ह्यावर त्यानं पाच दिवस घालवले. ज्या माणसाला सोळाव्या ठिपक्यानं झोप लागत नाही, त्याच्या पोटात एकतीस वर्षं काय दडून होतं, हे मात्र त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी दहाला तोलाजी यायचा. हा सूतभरचा कारखान्यातला मित्र. त्याचं काम विमानाच्या तोलाचं: कुठं किती वजन आहे, कुठं किती ठेवलं म्हणजे विमान सरळ उडेल, हे बघायचं. तो यायचा तो कापडी पिशवीत आपला सोनारी काटा घेऊन, आणि आल्या आल्या परत जिना उतरून स्कूटरचं कुलूप बघून यायचा. मग वर येऊन पाणी पिऊन पुन्हा एकदा. घरून निघताना दार चार वेळा ओढून बघतो, हे त्याच्याच बायकोनं सगळ्यांना सांगितलेलं. सगळे हसायचे, तोही हसायचा.

नाकावर एवढं जड इंजिन बसवलं तर विमान तोंडावर पडेल. म्हणून नाकाडीच्या शेपटीत शिशाच्या विटा भरलेल्या असत, सहाशे चाळीस किलो. इंजिन उतरवायचं असलं की आधी विटा बाहेर काढायच्या, मग इंजिन. हे उलटं झालं तर विमान शेपटीवर बसणार, हे पोरालाही कळेल. त्यासाठी नाकाजवळ एक पाटी टांगलेली असे. लाल बाजू दिसली तर शिसं आत आहे, इंजिनाला हात लावू नका. हिरवी दिसली तर खुशाल उतरवा. पाटी फिरवायचा अधिकार एकट्या तोलाजीचा.

आणि एकतीस वर्षांपूर्वी एका सकाळी, शिसं आत असताना पाटी हिरवी होती. माणसांनी इंजिन सोडवलं. नाकाडीनं नाक वर केलं आणि हलकेच, म्हातारी बाई पाटावर टेकावी तशी, शेपटीवर बसली. कुणाला खरचटलंही नाही. शेपटीचा पत्रा चेपला आणि तीन आठवड्यांचं काम खोळंबलं. चौकशीत तोलाजीला विचारलं, की मागच्या खेपेला तुम्ही पाटी लाल करून ठेवली होती का. तो म्हणाला, केली असणार. असणार की होती, असं साहेबांनी विचारलं, आणि हा प्रामाणिक माणूस गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची बदली भांडारात झाली. त्याआधी चाचणीच्या प्रत्येक उड्डाणाला तो विमानात असायचा. त्यानंतर तो कधीही उडाला नाही. नटबोल्ट मोजत निवृत्त झाला.

ही गोष्ट तोलाजी स्वतःच रंगवून सांगायचा. कुठल्याही बैठकीत कुणी त्याला छेडलं, की तो हात जोडून म्हणायचा, की होय, विमानाला बसायला शिकवणारा तो शहाणा मीच.

प्रतिकृतीच्या शेपटीतही शिसं हवं, हा हट्ट त्याचाच. बहात्तर गुणिले बहात्तर गुणिले बहात्तर करून, सहाशे चाळीस किलोला तेवढ्यानं भागून त्यानं हिशेब काढला: पावणेदोन ग्रॅमला किंचित कमी. मासे धरायच्या गळाला लावतात तो शिशाचा मणी त्यानं आणला, काट्यावर ठेवून कानशीनं घासत घासत बरोबर वजनावर आणला आणि चिमट्यानं शेपटीत बसवला. इंजिन काढता-घालता यावं म्हणून सूतभरनं नाकात छोटं लोहचुंबक दडवलं होतं. सगळं जमून विमान तीन चाकांवर उभं राहिलं तेव्हा तिघांनीही टेबलाभोवती एक फेरी मारली.

त्याच रविवारी बायकोनं धूळ पुसायला म्हणून इंजिन उचललं आणि नाकाडीनं नाक वर केलं. हलकेच शेपटीवर बसली. तोलाजी असा हसत सुटला की त्याला खुर्ची धरावी लागली. हिशेब बरोबर आला, हिशेब बरोबर आला, असं म्हणत त्यानं डोळे पुसले. बायकोही हसली. सूतभर हसला नाही. तो वाकून चेपलेला पत्रा बघावा तसा शेपटीखाली बघत राहिला, आणि मग हात धुवायला निघून गेला.

त्यानंतर चारच दिवसांनी ग्रंथपाल बाईंचं पाकीट आलं. प्रतिकृतीशेजारी लावायच्या फलकाचा मजकूर होता. तुमच्याइतकं बारीक बघणारं दुसरं कुणी नाही, तेव्हा एकदा तपासून द्या, अशी चिठ्ठी सोबत. सूतभरनं पेन्सिल घेतली. पंखांची लांबी वीस सेंटिमीटरनं चुकली होती, ती सुधारली. पहिल्या उड्डाणाचा महिना चुकला होता, तो सुधारला. तिसरी चूक चौथ्या ओळीत होती: 'तोल विभागातील कर्मचाऱ्याच्या विसराळूपणामुळे हे विमान एकदा शेपटीवर बसले होते.' पेन्सिल तिथं येऊन थांबली ती थांबलीच.

कारण पाटी तोलाजीनं नव्हे, ह्यानं उलटी लावली होती. आदल्या संध्याकाळी. पाटीच्या बरोबर मागं एक फट होती, ती त्याला मोजायची होती. पाटी काढली, फट मोजली, दोरीला पडलेला पीळ तसाच ठेवून पाटी परत अडकवली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी शेपटीवर बसलेल्या नाकाडीभोवती माणसं जमली तेव्हा त्याला तो दोरीचा पीळ आठवला. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. त्या आठवड्यात त्याच्या बढतीचा कागद वर गेलेला होता. उद्या उजाडला तोवर तोलाजीच्या बदलीचा हुकूम निघाला होता. मग पहिले काही दिवस तो भीतीनं गप्प राहिला, पुढची काही वर्षं लाजेनं, आणि नंतर सवयीनं.

आतापर्यंत हे नुसतं लोकांच्या तोंडी होतं. तोंडचं विरून जातं. पण फलकावर आलं म्हणजे पुढची पन्नास वर्षं शाळेतली पोरं येऊन ते वाचणार, तोलाजीची नातवंडं वाचणार, आणि ते सूतभरनं तपासून दिलेलं असणार. त्याला हे गिळवेना आणि ओकवेना. दोन दिवस तो नाकाडीचा उजवा पंख घासत बसला. पंख कधीच गुळगुळीत झालेला होता.

तिसऱ्या दिवशी बायकोनं त्याच्या हातातला पॉलिशचा कागद काढून घेतला आणि काय झालंय ते विचारलं. त्यानं सांगितलं. नवऱ्याच्या सगळ्या खोडी आपल्याला पाठ आहेत, अशी तिची समजूत होती, आणि संसाराच्या चाळिसाव्या वर्षी हे नवं निघालं. मग ती म्हणाली, "तुम्ही पंधरा की सोळा म्हणून पाच दिवस मला जेवू दिलं नाहीत."

"हो."

"भावोजींना कधी सांगणार?"

रविवारी, असं तो म्हणाला. तिनं मान हलवली आणि एवढंच सांगितलं, की तुमच्या वतीनं मी सांगणार नाही आणि तुमच्या बाजूनं बोलणारही नाही. राग आला होता तिला, आणि तो तिनं लपवला नाही. त्या रात्री पानात भाजी कमी पडली ती बहुधा चुकून नसावी.

रविवारी तोलाजी आला, खाली जाऊन कुलूप बघून आला, पुन्हा एकदा बघून आला, आणि फलकाचा कागद त्यानं टेबलावरून स्वतःच उचलला. वाचला. हसला. "ठीक आहे की," तो म्हणाला. "'कर्मचारी' लिहिलंय. मला वाटलं होतं नावच घालतील."

सूतभरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाटी मी उलटी लावली होती."

"कुठली पाटी?"

"नाकावरची. आदल्या संध्याकाळी. तिच्या मागची फट मोजायची होती. काढली, मोजलं, परत अडकवली. हिरवी बाजू बाहेर आली."

तोलाजीनं कागद खाली ठेवला. त्याचा पहिला प्रश्न भलताच होता. "फट किती होती?"

"शून्य पूर्णांक चार मिलिमीटर."

"म्हणजे ते बरोबर मोजलंस." सूतभरनं मान हलवली. तोलाजी त्याच्याकडे बघत राहिला. "आणि पाटी मी लालच ठेवून गेलो होतो."

"लालच. मी काढली तेव्हा लाल होती."

स्वयंपाकघरात बायको कपबशा हातात धरून तशीच उभी राहिली. तोलाजी ओरडला असता तर तिघांनाही सोपं गेलं असतं. तो ओरडला नाही. हिशेब मांडावा तसा एकेक आकडा ठेवत तो बोलला.

"मी रोज कुलूप चारदा ओढतो. गॅस तीनदा बघतो. तुम्ही हसता, मीही हसतो. मला वाटायचं, ज्याला सहाशे चाळीस किलो शिसं आठवलं नाही, त्यानं स्वतःवर भरवसा ठेवू नये. पोरगी लहान असताना मी तिला एकट्यानं कधी बागेत नेलं नाही, तिथंच विसरून आलो तर काय करू म्हणून. एकतीस वर्षं मी माझ्या डोक्यावर विश्वास ठेवला नाही. आणि ते डोकं ठीक होतं."

चूक झाली म्हणण्याइतकी ती आता लहान राहिली नव्हती. तरी सूतभर म्हणाला, "माफ कर, असं म्हणायचं मला तोंड नाही."

"मग म्हणू नकोस." तोलाजीनं काटा पिशवीत घातला. वहिनींनी चहाचं विचारलं तर आज नको म्हणाला आणि जिना उतरून गेला. सूतभर खिडकीतून बघत राहिला. स्कूटर लगेच सुरू झाली.

पुढचा रविवार तोलाजीविना गेला. दहा वाजले, साडेदहा वाजले, बायकोनं तीन कप मांडले होते त्यातला एक उचलून ठेवला. नाकाडीवर आता काहीच काम उरलं नव्हतं. पेन्सिलीचा चुरा बोटानं चोळून धुराचे डाग काढले होते, शेवटचा क्रमांकही चिकटवून झाला होता. सूतभरला वाटलं, विमान पूर्ण झालं आणि दुसरं काहीतरी मोडलं, आणि त्याला जोडायचा मसाला कवळीवाल्यांकडेही नसतो.

बुधवारी दालन उघडायचं होतं. सोमवारी तो ग्रंथपाल बाईंकडे गेला आणि चौथी ओळ नव्यानं लिहून दिली. बाईंनी ती दोनदा वाचली. काका, ती ओळ आपण गाळूनच टाकू, त्या म्हणाल्या. कशाला उगाच जुनं उकरायचं, शिवाय पाच ओळींचा फलक आता सात ओळींचा होतोय. सूतभर म्हणाला, अक्षरं बारीक करा. त्यांनी आणखी एकदा समजावून पाहिलं, पण सोळावा ठिपका त्यांनी पाहिलेला नव्हता, त्यामुळे आपण कुणाशी वाद घालतोय ह्याची त्यांना कल्पना नव्हती. अक्षरं बारीक झाली.

बुधवारी चाळीसएक म्हातारे जमले. इंजिन विभागातले, रंगकामातले, विमान उडवणारे दोघं, आणि मूळच्या कुणालाच न ओळखणारे काही जण, जे अशा कार्यक्रमांना फराळासाठी येतात. काचेच्या पेटीत नाकाडी उभी होती. ज्यांनी तिच्यावर उमेदीची वर्षं घालवली ते काचेला नाक लावून बघत होते आणि पंखाखालच्या रिव्हेटपर्यंत सगळं बरोबर आहे म्हणून एकमेकांना कोपरानं ढोसत होते. तोलाजी त्याच्या बायकोबरोबर आला आणि शेवटच्या रांगेत बसला. सूतभरकडे त्यानं पाहिलं नाही.

सूतभरला दोन शब्द बोलायला सांगितलं. आयुष्यात त्यानं कधी भाषण केलेलं नव्हतं. विमान कसं केलं, हे त्यानं चार वाक्यांत उरकलं आणि मग फलकावरच्या सात ओळी वाचून दाखवल्या. 'इंजिन विभागाच्या फिटरने सूचना-पाटी उलटी लावल्यामुळे हे विमान एकदा शेपटीवर बसले. तोल विभागाची त्यात कोणतीही चूक नव्हती.' वाचून झाल्यावर तो फिटर आपण आहोत, हे आपल्याला त्याच दिवशी कळलं होतं आणि आपण एकतीस वर्षं सांगितलं नाही, हेही त्यानं सांगितलं.

मग पुढच्या रांगेतल्या जुन्या रंगाऱ्यानं उभं राहून घसा खाकरला. चालायचंच, तो म्हणाला, माणसाच्या हातून चूक होतेच, आणि तसं बघितलं तर सगळ्यांचीच थोडीथोडी असते. पाच-सहा माना हलल्या. असं म्हटलं की सगळ्यांना घरी जायला मोकळीक मिळते.

"नाही," शेवटच्या रांगेतून तोलाजी म्हणाला. तो उभा राहिला होता. "चूक ह्याचीच आहे. सगळी ह्याची. माझ्या वाट्याला त्यातली थोडीसुद्धा देऊ नका. एकतीस वर्षं मी ती एकट्यानं वापरली."

रंगारी खाली बसला. तोलाजी पुढं आला, पेटीजवळ उभा राहिला आणि त्यानं फलक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्याची बायको मागोमाग आली. तिनंही वाचला. ती नवऱ्याला एकतीस वर्षं विसराळू म्हणत आली होती. किराण्याच्या यादीपासून औषधाच्या गोळ्यांपर्यंत सगळं त्याच्या हातून काढून घेतलं होतं. ती सगळ्यांदेखत रडली. तोलाजीनं खिशातून रुमाल काढून तिला दिला आणि मग सूतभरकडे बघितलं.

"मी अजून रागावलेलो आहे," तो म्हणाला. "रविवारी येईन. पण बोलणार नाही."

आणि रविवारी दहाला तो आला. टेबल आता रिकामं झालं होतं, तिथं चौदा महिन्यांनी पहिल्यांदाच ताटं मांडायचा बायकोचा बेत होता. पण सूतभरनं दुसऱ्या एका चाचणी-विमानाचा संच तिथं पसरलेला पाहून तिनं ताटं पुन्हा आत नेली. ह्याचं पाचवं इंजिन पाठीवर होतं. तोलाजी खुर्ची ओढून बसला, काटा मांडला आणि एकेक तुकडा तोलून कागदावर आकडे लिहायला लागला. दोन तास तो एक अक्षर बोलला नाही. सूतभरनं करवत मागितली तर दिली, कात्री मागितली तर दिली. चहा प्यायला. दुसरा कपही प्यायला.

बाराच्या ठोक्याला तो उठला. दारात चपला घालताना सूतभरनं भीतभीत विचारलं, की असं किती रविवार चालणार.

"हिशेब केलाय," तोलाजी म्हणाला. "एकतीस वर्षांचे सोळाशे बारा होतात."

अडुसष्ट आणि एकतीस म्हणजे किती, हे सूतभरनं मनात करून पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आतून बायकोनं सांगितलं, की भावोजी, तेवढे रविवार भरायचे असतील तर दोघांनीही उद्यापासून फिरायला जायला हवं.

"जाऊ," तोलाजी म्हणाला. "सहा वाजता येतो. पण तेव्हाही बोलणार नाही."